मुसल्लस, त्रिकोण, ट्रायँगल : नावे तीन, आकृती एक

तीन रेषाखंडांनी बंद झालेल्या आकृतीला नांदेड-लातूर भागातील व्यापारी घरांत गेल्या शंभर वर्षांत तीन नावे लाभली. निजामाच्या राजवटीत माध्यमिक शाळेत गेलेल्या पणजोबांच्या वहीत ती ‘मुसल्लस’ होती. मराठवाडा महाराष्ट्रात आल्यानंतर शिकलेल्या आजोबांनी आणि वडिलांनी तिला ‘त्रिकोण’ म्हटले. आज सेमी इंग्रजीच्या वर्गात बसणारी मुलगी तिला ‘ट्रायँगल’ म्हणते. आकृती बदललेली नाही. तिच्या तिन्ही कोनांची बेरीज आजही १८० अंशच आहे. बदलले ते नाव, आणि नावाबरोबर घरातील एक संवादही थांबला.

व्यापारी घरात अंकगणित वेगळे शिकवावे लागत नाही. टक्का, व्याज, सूट, घट-वाढ हे शब्द मूल दुकानात बसून ऐकते आणि शाळेत जाण्याआधीच त्यांचा अर्थ त्याला उमगू लागतो. भूमितीचे तसे नाही. आठवी-नववीत गेलेली मुलगी रात्री विचारते, “पप्पा, ऑल्टर्नेट अँगल्स म्हणजे काय हो?” वडिलांना व्युत्क्रम कोन चांगले आठवत असतात, छेदिकेच्या दोन्ही बाजूंना पडणारी ती जोडी त्यांनी शाळेत शंभरदा काढलेली असते. परंतु मुलगी विचारते ते आणि आपल्याला येते ते एकच, हे त्यांना ठाऊक नसते. “उद्या शिकवणीच्या सरांना विचार,” असे सांगून ते विषय संपवतात. ज्ञान घरात असूनही शब्दाअभावी ते पुढच्या पिढीला पोहोचत नाही. ही हानी लहान नाही. कारण शालेय विषयांपैकी भूमिती हा असा विषय आहे, जो मुलाला ‘हे खरे कशावरून?’ असे विचारायला आणि त्याचे उत्तर क्रमाने मांडायला शिकवतो.

शब्द म्हणजे निम्मे प्रमेय

इतर अनेक विषयांत नाव ही केवळ ओळखखूण असते. भूमितीत नाव हा एक करार असतो. ‘मध्यगा’ हा शब्द उच्चारला, की त्रिकोणाचा शिरोबिंदू आणि त्याच्या समोरील बाजूचा मध्यबिंदू यांना जोडणारा रेषाखंड, एवढे सगळे मान्य झालेले असते. ‘शिरोलंब’ म्हटले, की समोरील बाजूशी होणारा काटकोन मान्य झालेला असतो. ‘कोनदुभाजक’ म्हटले, की शिरोबिंदूपाशी कोनाचे दोन समान भाग झालेले असतात. हे तिघेही एकाच शिरोबिंदूतून निघतात आणि समोरच्या बाजूकडे जातात. समभुज त्रिकोणात तर ते एकावर एक येतात. ज्या विद्यार्थ्याने वहीत नेहमी समभुज किंवा समद्विभुज त्रिकोणच काढले, त्याला या तिघांतील फरक दिसतच नाही, आणि विषमभुज त्रिकोणावरील उदाहरणाची पहिलीच ओळ चुकते. पुढचे सर्व गणित बरोबर असले तरी उत्तर हाती लागत नाही.

राज्य मंडळाच्या दहावीच्या ‘गणित भाग २’ या पुस्तकातील प्रकरणांची नावे पाहावीत : समरूपता, पायथागोरसचे प्रमेय, वर्तुळ, भौमितिक रचना, निर्देशक भूमिती, त्रिकोणमिती, महत्त्वमापन. जवळजवळ प्रत्येक शीर्षक हा एक पारिभाषिक शब्द आहे. चाळीस गुणांच्या लेखी परीक्षेत सिद्धतेतील रिकाम्या चौकटी भरण्याच्या कृती असतात. त्या चौकटीत कधी संख्या, तर कधी कारण लिहायचे असते; ‘संगत कोन’, ‘एकरूप त्रिकोणांच्या संगत बाजू’, ‘एकाच कंसात अंतर्लिखित झालेले कोन’. आकृती समजूनही हे शब्द हाताशी नसतील तर चौकट रिकामी राहते.

तीन परिभाषा आल्या कशा

आधुनिक शाळेतील मराठी भूमितीची सुरुवात मुंबईकडची. १८२० च्या दशकात कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली गणिताची मराठी व गुजराती पाठ्यपुस्तके तयार झाली. इंग्रजीतील संज्ञांना तेव्हा संस्कृतातून आणि लोकव्यवहारातून प्रतिशब्द शोधले गेले. ‘भूमिती’ या शब्दात भूमी आणि मिती, म्हणजे जमिनीचे माप आहे. ग्रीकमधून आलेल्या ‘जिऑमेट्री’चाही नेमका तोच अर्थ. मराठीतील ‘काटकोन’ आणि गुजरातीतील ‘काटखूणो’ हे शब्दही भावंडांसारखे दिसतात. ज्यांच्या घरात आजी गुजराती बोलते त्या मुलांना हा शब्द परका वाटू नये.

मराठवाड्याची वाट मात्र निराळी होती. नांदेड आणि लातूर हैदराबाद संस्थानात होते आणि तेथे माध्यमिक शिक्षणाचे माध्यम प्रामुख्याने उर्दू होते. १९१७ मध्ये हैदराबादेत ‘दारुल तर्जुमा’ हे भाषांतर केंद्र स्थापन झाले, पुढच्याच वर्षी उस्मानिया विद्यापीठाची स्थापना झाली, आणि उच्च गणितापर्यंतची परिभाषा उर्दूत आली. कोन म्हणजे जाविया, वर्तुळ म्हणजे दायरा, केंद्र म्हणजे मरकज, व्यास म्हणजे कुतर. भूमितीला ‘हंदसा’ म्हणत. हा शब्द मूळच्या फारसी ‘अंदाजा’वरून अरबीत गेला असे मानतात. आपल्या रोजच्या बोलण्यातील ‘अंदाज’ त्याच कुळातला. मूळ अर्थ माप.

घरात मराठी, मारवाडी, गुजराती किंवा कन्नड बोलणाऱ्या मुलाला शाळेत मात्र हे शब्द पाठ करावे लागत. तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परगा येथे १९२१ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शाळेचे मोल या पार्श्वभूमीवर समजते. स्वामी रामानंद तीर्थ यांनी तेथे अध्यापन केले. मातृभाषेतून शिकण्याचा आग्रह हा मराठवाड्यात केवळ शिक्षणाचा नव्हे, स्वातंत्र्याचाही प्रश्न होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. १९६७ मध्ये बालभारतीची स्थापना झाल्यावर कोकणापासून नांदेडपर्यंतची मुले एकाच मराठी परिभाषेत भूमिती शिकू लागली.

तिसरा बदल आजचा. सेमी इंग्रजीत इतर विषय मराठीतून आणि गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकवले जाते. अकरावीची विज्ञान शाखा तर इंग्रजीतच आहे. परीक्षेच्या कसून तयारीमुळे ‘लातूर पॅटर्न’ हे नाव राज्यभर झाले आणि कंधार, मुखेड, औसा, निलंगा येथील मराठी शाळांतून दहावी झालेली हुशार मुले लातूर-नांदेडला अकरावीसाठी येऊ लागली. त्यांच्यापुढील पहिली भिंत गणिताची नसते, शब्दांची असते. जीवेचे गुणधर्म पक्के ठाऊक असलेला मुलगा ‘कॉर्ड’ हा शब्द ऐकून गप्प बसतो. जेईई मुख्य परीक्षा २०२१ पासून मराठीतही देता येते. तरी पुढची पुस्तके, व्याख्याने आणि महाविद्यालये इंग्रजीचीच आहेत. म्हणून प्रश्न ‘मराठी की इंग्रजी’ असा नाही. एका शब्दावरून दुसऱ्या शब्दावर न अडखळता कसे जावे, हा आहे.

एकच धनुष्य

याचे उत्तर शब्दांच्या मुळाशी सापडते. वर्तुळावरील दोन बिंदू जोडणाऱ्या रेषाखंडाला मराठीत जीवा म्हणतात. जीवा म्हणजे धनुष्याची दोरी. उर्दूत तिला वतर म्हणत. त्या अरबी शब्दाचा अर्थही धनुष्याची दोरी. इंग्रजीतील कॉर्ड ग्रीकमधून आला. तेथेही अर्थ तार किंवा दोरी. वर्तुळाचा तो तुकडा म्हणजे आपला चाप. इंग्रजीत आर्क, आणि लॅटिनमध्ये आर्कस म्हणजे धनुष्य. भाषा वेगळ्या असूनही माणसाच्या डोळ्यांना वर्तुळाच्या तुकड्यात धनुष्यच दिसले. ज्या विद्यार्थ्याला हे धनुष्य एकदा दिसले, त्याला जीवा आणि कॉर्ड हे दोन शब्द वेगवेगळे पाठ करावे लागत नाहीत.

जैन परंपरेला हे धनुष्य फार जुन्या काळापासून परिचित आहे. आगमिक भूगोलात जंबूद्वीप हे एक लाख योजन व्यासाचे वर्तुळ आहे. त्याचा परीघ ३,१६,२२७ योजन, ३ कोस, १२८ धनुष्य आणि साडेतेरा अंगुलांहून किंचित अधिक सांगितला आहे. व्यासाला १० च्या वर्गमुळाने गुणून हा परीघ येतो. जंबूद्वीपाच्या व्यासाचे १९० भाग केले तर त्यातील एक भाग, म्हणजे ५२६ पूर्णांक ६/१९ योजन, ही दक्षिणेकडील भरतक्षेत्राची रुंदी. भरतक्षेत्राचा आकार धनुष्याचा आहे. त्याची वक्र सीमा म्हणजे धनुपृष्ठ, सरळ सीमा म्हणजे जीवा आणि मधली रुंदी म्हणजे शर, अर्थात बाण. प्रवचनात हे शब्द ऐकणाऱ्या मुलांना कुणी सांगत नाही, की नववीच्या पुस्तकातील ‘जीवा’ तीच आहे.

तत्त्वार्थसूत्रावरील भाष्यात जीवा काढण्याची रीत दिली आहे : व्यासातून शर वजा करावा, उरलेल्याला शराने आणि मग चारने गुणावे, आणि वर्गमूळ घ्यावे. व्यास १० आणि शर २ असेल तर १० वजा २ म्हणजे ८; आठाला दोनने गुणून १६, चारने गुणून ६४, वर्गमूळ ८. जीवा आठ. आता हेच नववीच्या रीतीने करून पाहावे. त्रिज्या ५, केंद्रापासून जीवेचे अंतर ५ वजा २ म्हणजे ३, पायथागोरसच्या प्रमेयाने अर्धी जीवा ४, म्हणून पूर्ण जीवा ८. केंद्रातून जीवेवर टाकलेला लंब जीवेला दुभागतो, हे प्रमेय या दुसऱ्या रीतीत वापरले गेले. एकाच उदाहरणात परंपरेची रीत, पाठ्यपुस्तकातील प्रमेय आणि पाच-सहा संज्ञा एकत्र येतात.

दहावीतील ‘साइन’ची कथाही याच दोरीची. संस्कृतातील ज्या किंवा जीवा हा शब्द अरबी पंडितांनी आपल्या लिपीत तसाच उतरवून घेतला. त्या लिपीत ऱ्हस्व स्वर लिहीत नसल्याने पुढे तो ‘जैब’ असा वाचला गेला. जैब म्हणजे वस्त्राची घडी. मराठवाड्यात खिशाला जेब म्हणतात तोच शब्द. लॅटिन भाषांतरकारांनी त्या घडीसाठी ‘सायनस’ हा शब्द वापरला आणि त्याचा साइन झाला. आपलीच जीवा जगाची यात्रा करून दहावीच्या पुस्तकात परत आली आहे.

आधी संज्ञा, मग गणित

नवव्या शतकातील जैन गणिती महावीराचार्य यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा ग्रंथ राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग यांच्या काळात रचला. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचे कर्नाटकातील मळखेड. परंतु हे राजे स्वतःला ‘लट्टलूर’ या श्रेष्ठ नगराचे अधिपती म्हणवीत, आणि अनेक इतिहासकार लट्टलूर म्हणजेच लातूर मानतात. नांदेड जिल्ह्यातील कंधारही राष्ट्रकूटकालीन नगर. ज्या घराण्याच्या आश्रयाखाली भारतीय भूमितीचा हा मोठा ग्रंथ झाला, त्याचे मूळ आपल्याच मातीशी जोडलेले आहे.

या ग्रंथाची मांडणी शिक्षकांनी विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. महावीराचार्य पहिल्याच अध्यायात गणित सोडवायला घेत नाहीत. त्या अध्यायाचे नाव ‘संज्ञाधिकार’. मापांची, क्रियांची आणि संख्यास्थानांची नावे तेथे आधी निश्चित केली जातात. व्यवहार मागाहून येतात. पुढे क्षेत्रगणितात ते आकृत्यांचे वर्गीकरण करतात : त्रिभुज तीन प्रकारचे, चतुरस्र पाच प्रकारचे आणि वक्र क्षेत्रे आठ प्रकारची. त्रिभुजाचे सम, द्विसम आणि विषम हे तीन प्रकार म्हणजे आजचे समभुज, समद्विभुज आणि विषमभुज त्रिकोण. लांबट वर्तुळाला ते आयतवृत्त म्हणतात. नाव नसलेल्या आकारांसाठी ते लोकांच्या ओळखीच्या वस्तू वापरतात : जवाच्या दाण्यासारखा, मृदंगासारखा, हस्तिदंतासारखा.

अकराव्या शतकात पावुलुरी मल्लन यांनी हा ग्रंथ तेलुगूत नेला. १९१२ मध्ये मद्रासहून एम. रंगाचार्य यांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले, आणि १९६३ मध्ये सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघाने जीवराज जैन ग्रंथमालेत लक्ष्मीचंद्र जैन यांचा हिंदी अनुवाद प्रकाशित केला. संज्ञा एका भाषेतून दुसरीत नेण्याचे काम या परंपरेला नवे नाही.

शब्द फसवतात तेथे

संज्ञा शिकवताना शिक्षकाला दोन गोष्टींशी झुंजावे लागते : शब्दाचा बोलीतील अर्थ आणि दुसऱ्या भाषेतील जुळा शब्द.

बोलण्यात ‘चौकोनी डबा’ म्हटले की काटकोनी कोपरे गृहीत असतात. भूमितीत चार बाजूंची कोणतीही बंद आकृती चौकोन असते, चारही कोन वेगळे असले तरी. ‘समभुज चौकोन’ म्हटल्यावर बरीच मुले चौरस काढतात. कारण समभुज त्रिकोणात बाजूंबरोबर कोनही समान असतात, मग चौकोनात का नसावेत? वस्तुतः चौकोनाच्या चारही बाजू समान ठेवून त्याला तिरपा ढकलता येतो. इंग्रजीत येथे ‘ऱ्हॉम्बस’ असा अगदी वेगळा शब्द असल्याने ती गल्लत टळते, पण त्या शब्दावरून आकृतीचा काहीच बोध होत नाही. उलट मराठीत ‘कर्ण’ हा एकच शब्द काटकोन त्रिकोणातील सर्वांत मोठ्या बाजूलाही आहे आणि चौकोनाच्या समोरासमोरील शिरोबिंदूंना जोडणाऱ्या रेषाखंडालाही. इंग्रजीत पहिला हायपोटेन्यूज, दुसरा डायगोनल. आयताचा कर्ण काढला की तोच दोन काटकोन त्रिकोणांचा कर्ण होतो, हे एकदा दाखवले म्हणजे मराठीचा एक शब्द आणि इंग्रजीचे दोन, दोन्ही लक्षात राहतात.

सर्वांत अवघड फसगत ‘पूरक’ या शब्दाची. बालभारतीच्या परिभाषेत ज्या दोन कोनांची बेरीज ९० अंश ते कोटिकोन आणि ज्यांची १८० अंश ते पूरककोन. हिंदीत मात्र ९० अंशांच्या जोडीला पूरक आणि १८० अंशांच्या जोडीला संपूरक म्हणतात. मोबाइलवर हिंदी व्याख्यान पाहून आलेला विद्यार्थी मराठी उत्तरपत्रिकेत ‘पूरक’ लिहितो आणि बेरीज ९० धरतो. चूक त्याच्या बुद्धीची नाही. त्याला हे दोन करार वेगळे आहेत, एवढेच कुणी सांगितलेले नसते.

इंग्रजीचेही सापळे आहेत. ‘राइट अँगल’मधील राइटचा अर्थ उजवा किंवा बरोबर असा मुले घेतात, तेथे तो ‘सरळ, ताठ’ या अर्थाने आहे. ‘सिमिलर’ बोलण्यात साधारण सारखे, भूमितीत मात्र संगत कोन समान आणि संगत बाजू प्रमाणात, असा कठोर अर्थ. मराठीने येथे समरूप आणि एकरूप अशी सुबक जोडी दिली आहे : रूप समान ते समरूप, रूपच नव्हे, मापही एक ते एकरूप.

वर्गात शब्द कसा रुजतो

व्याख्या फळ्यावर लिहून पाठ करायला सांगणे हा सर्वांत जवळचा आणि सर्वांत कमी टिकणारा मार्ग. अधिक खात्रीचा क्रम असा : आधी आकृती, मग तुलना, मग मुलाच्या शब्दांतील वर्णन आणि अखेरीस संज्ञा. शिरोलंब शिकवताना शिक्षक चार त्रिकोण काढतात. एक सरळ ठेवलेला, एक उलटा, एक काटकोन त्रिकोण आणि एक विशालकोन त्रिकोण. विशालकोन त्रिकोणात लंब आकृतीच्या बाहेर पडतो. त्यासाठी पाया वाढवावा लागतो. मुले चकित होतात आणि तेथेच शिकतात, की शिरोलंब म्हणजे ‘मधली उभी रेष’ नव्हे. ‘हा शिरोलंब आहे का? का नाही?’ असे विचारून चुकीच्या आकृत्याही दाखवाव्या लागतात. जे नाही ते पाहिल्यावर जे आहे त्याची सीमा कळते.

लंब समजावण्यासाठी बांधकामावरचा ओळंबा पुरेसा आहे. दोरीला बांधलेले वजन गवंडी भिंतीलगत सोडतो आणि भिंत उभी सरळ आहे की नाही ते पाहतो. ओळंबा हा शब्द अवलंब या संस्कृत शब्दाचा मराठी वारस, आणि महावीराचार्य त्रिभुजाच्या लंबाला अवलंबकच म्हणतात. गवंडी कोपरा गुण्याने तपासतो. मोठ्या प्लॉटवर मात्र एका बाजूवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट मोजून तिरके अंतर ५ फूट भरते का ते पाहतो. पायथागोरसच्या प्रमेयाचा व्यत्यास तो रोज वापरतो.

‘व्यत्यास’ हा शब्द मुलांना जड वाटतो. बाजारपेठेतील उदाहरणाने तो सोपा होतो. माल तूर असेल तर तो कडधान्य आहे, हे विधान खरे. त्याचा व्यत्यास, माल कडधान्य असेल तर तो तूर आहे, हा खोटा. कारण तो हरभराही असेल. पायथागोरसच्या प्रमेयाचा व्यत्यास खरा आहे म्हणून गवंड्याचे काम भागते. प्रत्येक व्यत्यास असा खरा नसतो, म्हणून तो वेगळा सिद्ध करावा लागतो. तुरीच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या लातुरात हे उदाहरण कुणाला समजावून सांगावे लागत नाही.

आणि वर्तुळासाठी लातूरकडे गंजगोलाई आहे. मध्यभागी जगदंबेचे मंदिर, भोवती गोलाकार बाजारपेठ आणि तेथून निघणारे सोळा रस्ते. मंदिर हे केंद्र मानले तर बाहेर जाणारा प्रत्येक रस्ता त्रिज्येच्या दिशेने जातो. रस्ते समान अंतराने आहेत असे धरले तर लगतच्या दोन रस्त्यांमध्ये केंद्राशी ३६० भागिले १६, म्हणजे साडेबावीस अंशांचा कोन होतो. चार अंतरे ओलांडली की काटकोन, आठ ओलांडली की सरळकोन, म्हणजे व्यास. गोलाईवरील एका दुकानापासून दुसऱ्या दुकानापर्यंत सरळ दोरी ताणली तर ती जीवा. दुकानांच्या रांगेने चालत गेले तर तो कंस. या एका फेरीत केंद्र, त्रिज्या, व्यास, जीवा, कंस, केंद्रीय कोन एवढ्या संज्ञा पायाखालून जातात. त्रिज्येची फोडही तेव्हाच सांगावी : तीन राशींची ज्या ती त्रिज्या; तीन राशी म्हणजे ९० अंश, आणि त्या कोनाची ज्या वर्तुळाच्या अर्ध्या व्यासाइतकी असते.

घराचा वाटा

शाळा एवढे करू शकते. उरलेले काम घराचे आहे, आणि ते खर्चाचे नाही.

पहिली गोष्ट, शब्दवही. एका पानावर चार रकाने : मराठी संज्ञा, इंग्रजी संज्ञा, आकृती आणि मुलाने स्वतःच्या शब्दांत लिहिलेला अर्थ. रोज दोन संज्ञा लिहिल्या तर एका सत्रात नववीची जवळजवळ सर्व परिभाषा वहीत येते. चौथा रकाना पुस्तकातून उतरवू नये. त्यातील चूक हीच शिक्षकाला पुढचा पाठ सांगते. मराठी माध्यमाच्या मुलाने ही वही दहावीच्या सुट्टीत पूर्ण केली तर अकरावीचे पहिले दोन महिने त्याला परके वाटणार नाहीत.

दुसरी गोष्ट, वडिलांनी आपली मराठी भूमिती कालबाह्य समजू नये. मुलगी ‘टँजंट’ म्हणाली तर “आकृती काढून दाखव बरं,” असे म्हणावे. आकृती पाहताच त्यांना स्पर्शिका आठवेल. टँजंटचे लॅटिन मूळ ‘स्पर्श करणे’ हेच आहे आणि सीकंटचे मूळ ‘कापणे’, म्हणून ती छेदिका. घरात एखादे वृद्ध उर्दू माध्यमात शिकलेले असतील तर त्यांनाही विचारावे; दायरा आणि मरकज हे शब्द त्यांच्याबरोबर नाहीसे होण्यापूर्वी वहीच्या पाचव्या रकान्यात उतरवून घ्यावेत.

तिसरी गोष्ट, घराचे काम काढले की मुलांना सोबत न्यावे. फरशी बसवताना, प्लॉट मोजताना, दुकानाचे फर्निचर करताना काटकोन, समांतर, कर्ण, परिमिती हे शब्द मोठ्यांनी मुद्दाम अचूक वापरावेत. अंकगणित व्यापारी घरांत असेच पिढ्यानपिढ्या उतरले आहे.

भूमितीचा पेपर दोन तासांत संपतो. परंतु आपण वापरतो त्या शब्दाचा नेमका अर्थ काय, तो कोठपर्यंत लागू पडतो आणि कोठे नाही, हे तपासण्याची सवय पुढे करारनाम्यावर सही करताना, जमिनीचा नकाशा पाहताना, वाटणी करताना उपयोगी पडते. महावीराचार्यांनी संज्ञा आधी ठेवल्या त्या यासाठीच असाव्यात, की शब्द निश्चित झाला म्हणजे वाद कमी होतो आणि विचार पुढे सरकतो. मुसल्लस म्हटले काय, त्रिकोण म्हटले काय, ट्रायँगल म्हटले काय; तिन्ही नावांत ‘तीन’ हा अंक आहेच. तो घरातल्या सर्वांना दिसू लागला, की रात्री विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या दिवशीच्या शिकवणीपर्यंत थांबून राहणार नाही.